लघुग्रहावरची खाण : ड्रिल दाबणार कशाच्या जोरावर?

कातळ

गेली एकोणीस वर्षं खाणीत ड्रिलिंगचं काम करतोय, आधी रिगवर, म्हणजे भोक मारायच्या यंत्रावर, ऑपरेटर होतो आणि आता भोकं कुठे, किती खोल, कुठल्या बिटाने (ड्रिलचं खडक कापणारं टोक) मारायची ते ठरवतो. लघुग्रहावरून प्लॅटिनम आणणार, अमुक लघुग्रहाची किंमत इतके लाख अब्ज डॉलर, अशी बातमी आली की ओळखीतले लोक हटकून मलाच विचारतात, तुमचंच क्षेत्र ना, मग होईल का हे? दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून धागा काढतोय.

बातमीत गणित असतं ते किमतीचं. खाणवाल्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो वेगळाच, की बाबा ड्रिल दाबणार कशाच्या जोरावर? जमिनीवर बिट खडकावर टेकवून फिरवलं की खडक त्याला उलटा रेटतो आणि तो रेटा आपण रिगच्या वजनावर तोलून धरतो. आमची सगळी मशिनरी अवजड असते त्याचं निम्मं कारण हेच. आता बेन्नू नावाचा लघुग्रह घ्या, ज्याच्यावरून नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने माती आणली. साधारण अर्धा किलोमीटर रुंदीचा आहे. त्याची ओढ इतकी क्षीण की दहा टनांची रिग तिथे ठेवली तर तिचं वजन शंभर ग्रॅमसुद्धा भरणार नाही. बिट फिरायला लागलं की रिगच उलटी फिरेल, आणि एखाद्या दणक्याने ती सेकंदाला २० सेंटिमीटरच्या वर वेगाने उचलली गेली तर परत खाली येणारच नाही, तेवढा वेग तिथून कायमचा सुटायला पुरतो.

दुसरी गोष्ट चुऱ्याची. नवीन माणसाला वाटतं भोक मारणं म्हणजे खडक फोडणं. फोडणं सोपं असतं हो, फोडलेला चुरा वर काढणं हे खरं काम. आम्ही कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली सोडतो, ती चुरा घेऊन बाजूने वर येते. एकदा आमचा कॉम्प्रेसर मधेच बसला, दोन-तीन मिनिटंच असेल, ऑपरेटरने रॉड फिरवत ठेवला आणि चुरा बिटाच्या वर असा घट्ट बसला की पूर्ण दोन शिफ्ट गेल्या तो रॉड काढण्यात. हाताने चाचपून बघितला होता मी तो चुरा नंतर, पिठासारखा बारीक, पण दाबला गेल्यावर खडकाहून वाईट.

हेच चंद्रावर झालेलं आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी डेव्हिड स्कॉट बॅटरीवरच्या ड्रिलने उष्णता मोजायची भोकं मारत होता. तीन मीटर जायचं होतं, पहिलं भोक दीड मीटरच्या थोडं पुढे अडलं आणि दुसरं त्याच्याही आधी. कारण काय, तर रॉडवर चुरा वर आणणारे जे पीळ असतात ते जोडाच्या ठिकाणी सलग नव्हते, चुरा तिथे येऊन अडकायचा. मग मातीचा नमुना घ्यायला जो लांब रॉड अडीच मीटरच्या आसपास घातला तो निघेना. दुसऱ्या दिवशी स्कॉट आणि जेम्स आयर्विन दोघांनी हँडलखाली खांदे घालून वर रेटत रेटत तो काढला, स्कॉटचा खांदा त्यात दुखावला. पुढच्या मोहिमेत रॉड बदलले आणि ओढून काढायला जॅक दिला. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो तीच गोष्ट ही. आणि तिथे निदान दोन माणसं होती खांदा लावायला.

माझं म्हणणं असं की अवकाशातलं खाणकाम होणार, मला ते मनापासून व्हायला हवंय, पण त्याचा पहिला माल पाणी असेल आणि तो तिथल्या तिथे वापरला जाईल. प्लॅटिनम पृथ्वीवर आणणं हे फार फार नंतरचं. बाकीच्यांनी लिहा, विशेषतः धातू आणि रॉकेटवाले कोणी असतील तर.

चांदणचुरा

फार सुंदर लिहिलंय कातळ, वाचनखूण साठवली. बेन्नूच्या पृष्ठभागाबद्दल एक भर घालते. २० ऑक्टोबर २०२० ला जेव्हा यानाचा हात टेकला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं खालचा भाग बऱ्यापैकी टणक असेल. पाच-सहा सेकंदांचा स्पर्श होता फक्त, नायट्रोजनचा फवारा मारून माती उडवायची आणि निघायचं, पण हात जवळजवळ अर्धा मीटर आत गेला. जणू प्लॅस्टिकच्या चेंडूंच्या हौदात हात घातलाय. इंजिनं उलटी पेटली नसती तर यान तसंच आत जात राहिलं असतं. मागे आठ मीटर रुंद खड्डा राहिला.

आणि मग नमुन्याच्या डब्याची झडप मोठ्या खड्यांमुळे बंदच होईना, कडेने माती निसटून अवकाशात जाताना फोटोत दिसत होती, म्हणून वजन मोजायचं सोडून घाईघाईने डबा कुपीत ठेवला. ६० ग्रॅम हवे होते, २४ सप्टेंबर २०२३ ला कुपी उतरली आणि १२१.६ ग्रॅम निघाले. तिथेही शेवटपर्यंत परीक्षा, झाकणाच्या ३५ पैकी २ खिट्ट्या निघेनात, त्यासाठी नवीन हत्यार बनवावं लागलं आणि जानेवारी २०२४ उजाडलं. सात वर्षं, शंभर कोटी डॉलरच्या वर खर्च, आणि हातात मूठभर माती. मी हे कमी लेखायला सांगत नाहीये, त्या मातीत प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात त्यातली १४ सापडली, मला तर ते वाचून रडू आलं होतं. पण विज्ञानासाठी मूठभर पुरते, खाणीला टनांनी लागतं.

गारगोटी

प्रश्न विचारतो, राग नसावा. सायकी नावाच्या लघुग्रहाची किंमत म्हणे १ वर १९ शून्यं इतके डॉलर. कातळ म्हणतात धातू नंतरचं, पण इतकं घबाड असताना कोणी थांबेल का? खर्च कितीही झाला तरी निघेल की.

धातुशोध

गारगोटी, तो आकडा कसा काढलाय ते बघा. सगळा गोळा लोखंड-निकेलचा आहे असं धरायचं, वजनाला आजच्या बाजारभावाने गुणायचं, झालं. आज जगातले सगळे देश मिळून वर्षभरात जे कमावतात त्याच्या जवळपास लाखपट आकडा येतो तो, म्हणजे विकत घ्यायला गिऱ्हाईकच नाही. आणि मुळात गोळा सगळा लोखंडाचा आहे का तेही ठरलेलं नाही. त्याची घनता पाण्याच्या साधारण चौपट येते, लोखंडाची पावणेआठपट असते, म्हणजे एकतर आत भरपूर पोकळी आहे नाहीतर बराच दगड मिसळलेला आहे. नासाचं सायकी यान १३ ऑक्टोबर २०२३ ला निघालंय, २०२९ मध्ये पोहोचेल, तेव्हा कळेल. आणि ते यान अभ्यासाला चाललंय, खणायला नाही.

आता मी धातू वेगळे करायच्या कामात आहे त्यामुळे प्लॅटिनमचं सांगतो. पृथ्वीवर प्लॅटिनम दुर्मिळ का, तर पृथ्वी वितळलेली असताना लोखंडाबरोबर ते खाली गाभ्यात गेलं. वर जे उरलं त्यातून चांगल्या खाणीत टनामागे ३ ते ६ ग्रॅम मिळतं, त्या गटातले सगळे धातू मिळून. लोखंडी उल्कांमध्ये टनाला दहा-वीस ग्रॅम आणि काहींत त्याहून जास्त असतं. चांगलं आहे, मान्य. पण २० ग्रॅम धरलं तरी १ टन प्लॅटिनमसाठी ५०,००० टन लोखंड-निकेल हाताळायला हवं. आणि ते धातूच्या अखंड गोळ्यात विरघळलेलं असतं, म्हणजे सुरुंग लावून चुरा करून वेचावं असं काही नाही, धातू फुटतच नाही तसा.

आमच्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे खनिज दळायचं, पाण्यात घालायचं, साबणासारखी रसायनं टाकून खालून हवा सोडायची, हवे ते कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. आता गुरुत्वच नाही तर बुडबुडा वर जाणार कुठे? तो जिथल्या तिथे फुगत बसतो. आपल्या निम्म्या प्रक्रिया जड खाली आणि हलकं वर या एका गोष्टीवर उभ्या आहेत हे मला हा विषय वाचायला लागेपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. त्यातल्या त्यात आशा मॉन्ड प्रक्रियेची, १८९० ची आहे. निकेलवर कार्बन मोनॉक्साइड ५०-६० अंशाला सोडला की निकेलचाच वायू बनतो, तो पुढे नेऊन दोनशेच्या वर तापवला की शुद्ध निकेल बसतं आणि वायू परत वापरायला मोकळा. पाणी नको, दळण नको. तो वायू भयंकर विषारी असतो, पण जिथे माणूसच नाही तिथे त्याची भीती कमी.

कातळ

धातुशोध, बुडबुड्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, मनापासून आभार. त्याला जोडून, पृथ्वीवर शिरा असतात. गरम पाणी खडकाच्या भेगांतून लाखो वर्षं फिरतं, धातू विरघळवतं आणि एका जागी आणून साठवतं, आम्ही ती शीर शोधून तिच्या मागे जातो. बहुतेक लघुग्रहांवर हे घडलेलंच नाही, जे आहे ते सगळीकडे सारखं पसरलेलं. निसर्गाने आमच्यासाठी आधी करून ठेवलेलं निम्मं काम तिथे आपल्याला करावं लागणार.

आणि उल्केचं लोखंड वापरायला अवघड हेही जुनंच. १६२१ मध्ये पडलेली उल्का जहांगीरने शस्त्रं करायला दिली, पण ते लोखंड घणाखाली टिकेना, तुकडे पडायला लागले, मग तीन भाग उल्केचं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून तलवारी, खंजीर आणि सुरी केली असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

अवकाशवेडी

पाण्याबद्दल कातळ जे म्हणतात त्याच्याशी शंभर टक्के सहमत, कारण मला ते रॉकेटच्या बाजूने दिसतं. अपोलोचं सॅटर्न ५ रॉकेट पॅडवर उभं असताना साधारण २,९०० टन भरायचं आणि चंद्राकडे जायचा माल ५० टनांच्या आत. बाकी सगळं इंधन आणि इंधनाच्या टाक्या, आणि त्यातलंही बरंचसं इंधन दुसरं इंधन उचलण्यात जळतं. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, चंद्रावरून २.४, आणि बेन्नूवरून वर लिहिलेत तसे २० सेंटिमीटर. म्हणजे एक टन पाणी वर असणं आणि एक टन पाणी खाली असणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वर असलेल्या पाण्याचं सौरऊर्जेने हायड्रोजन आणि ऑक्सिजन केलं की इंधन, प्यायला तेच, श्वासाला तेच, किरणोत्सर्गापासून आडोसाही त्याचाच.

पाणी आहे याबद्दल आता शंका नाही. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या आणि ऑक्टोबर २००९ मध्ये एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा कॅबियस विवरात आदळवला तेव्हा उडालेल्या मातीत वजनाने ५.६ टक्क्यांच्या आसपास पाणी निघालं. चंद्राचा आस अगदी थोडा कलता, दीड अंश, म्हणून ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधी पोहोचतच नाही, तिथे काही ठिकाणी तापमान उणे २३० च्याही खाली. रयुगू, बेन्नूसारख्या लघुग्रहांवर मात्र बर्फाच्या लाद्या नाहीत, पाणी मातीच्या खनिजांमध्ये बांधलेलं आहे, काहीशे अंश तापवून ते सोडवावं लागतं. तापवायला ऊन फुकट आहे, ही एक गोष्ट आपल्या बाजूची.

आणि तिथल्या मालातून तिथे काहीतरी बनवणं हे करूनही झालंय. मंगळावर पर्सिव्हरन्स गाडीत मॉक्सी नावाचं टोस्टरएवढं यंत्र होतं, त्याने २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालून मंगळाच्या हवेतून १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला, सर्वात जोरात चाललं तेव्हा तासाला १२ ग्रॅम. आकडा छोटा आहे पण दुसऱ्या ग्रहावर मिळालेल्या कच्च्या मालापासून माणसाने केलेला तो पहिला श्वास.

गारगोटी

अवकाशवेडी, पटलं. पण मग हे पाणी विकत घेणार कोण? आज वर जे उपग्रह आहेत ते हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालतच नाहीत ना, हायड्राझिनसारखं इंधन नाहीतर झेनॉनसारखा वायू वापरतात. गिऱ्हाईक नाही म्हणून खाण नाही, खाण नाही म्हणून गिऱ्हाईक नाही असं नाही का होणार? २०१२ मध्ये प्लॅनेटरी रिसोर्सेस कंपनीने केवढा गाजावाजा केला होता, मी तेव्हा कॉलेजात होतो, भिंतीवर पोस्टर लावलं होतं मी त्यांच्या दुर्बिणीचं. २०१८ मध्ये ब्लॉकचेनवाल्या कंपनीने ती घेऊन टाकली. डीप स्पेस इंडस्ट्रीजही पुढे २०१९ मध्ये दुसऱ्यांनी घेतली. अलीकडे अ‍ॅस्ट्रोफोर्जचं ओडिन यान फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालं आणि त्याचा संपर्क तुटला. मला खरंच वाईट वाटतं या सगळ्याचं.

अवकाशवेडी

गिऱ्हाइकाचा मुद्दा बरोबर आहे, आणि तोच सगळ्यात अवघड आहे हे मान्य करते. पहिलं गिऱ्हाईक सरकारी मोहिमाच असणार, चंद्रावर कायमचा तळ झाला तर. दुसरं असं की या कंपन्या बुडण्यात वेळेचा हात मोठा. लघुग्रह आणि पृथ्वी सोयीच्या जागी यायला वर्षं लागतात, जाऊन यायला आणखी काही वर्षं, इतका काळ व्याजाने घेतलेला पैसा अडकून पडतो. चंद्र तीन दिवसांवर आहे, चुकलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा. म्हणून मला वाटतं सुरुवात चंद्रावर.

तिसरी_बाजू

मालकीबद्दल कोणीच बोललं नाही अजून, आणि मला रात्री झोप न येण्यासारखा भाग तोच वाटतो. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कुठल्याही देशाला चंद्र किंवा इतर खगोलावर मालकी सांगता येत नाही. पण तिथून काढलेल्या मालाचं काय, यावर तो करार स्पष्ट बोलत नाही. १९७९ च्या चंद्र कराराने ही साधनसंपत्ती सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा म्हटलं, पण जे देश खरोखर तिथे जाऊ शकतात त्यांनी तो स्वीकारलाच नाही, भारताने सही केली आणि पुढे मंजुरी दिली नाही. मग २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की त्यांच्या नागरिकाने काढलेला माल त्याचा, २०१७ मध्ये लक्झेंबर्गने, नंतर अमिरातीने, २०२१ मध्ये जपानने. युक्तिवाद असा की समुद्र कोणाचा नसतो पण पकडलेला मासा पकडणाऱ्याचा.

मला ही तुलना मान्य नाही. मासे पुन्हा होतात. चंद्राच्या ध्रुवावर बर्फ आणि बाजूलाच जवळजवळ सतत ऊन मिळणारे कडे अशा जागा मोजक्या आहेत, आणि तिथला बर्फ एकदा उपसला की संपला. चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात, ज्यावर भारतानेही जून २०२३ मध्ये सही केली, कामाच्या जागेभोवती सुरक्षा क्षेत्र ठेवायची तरतूद आहे. हेतू चांगला आहे, एकाच्या रॉकेटची धूळ दुसऱ्याच्या यंत्रात जाऊ नये. पण जो पहिला पोहोचेल त्याने मोक्याच्या जागेभोवती असं क्षेत्र आखलं तर मालकी न म्हणताही ती मालकीच झाली की. खोल समुद्रातल्या खनिजांसाठी निदान एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण आहे, भांडणं आहेत पण बसायला एक टेबल आहे. इथे ते टेबल आधी हवं. उद्या खरंच प्लॅटिनम स्वस्तात खाली यायला लागलं तर दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींवर पोट असलेल्या लाखो माणसांचं काय, त्यांनी हा निर्णय घेतलेला नसणार.

कातळ

तिसरी_बाजू, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण मी खाण बंद झाल्यावर काय होतं ते बघितलंय. आधी कॅन्टीन बंद होतं, मग बस, मग शाळा. टेबल आधी हवं, पूर्ण सहमत.

सूक्ष्म

छोटीशी भर. तांब्याच्या खाणींत खनिजातून धातू सोडवायला जिवाणू वापरतात हे कातळना माहीत असेलच. २०१९ मध्ये अंतराळ स्थानकावर बायोरॉक नावाचा प्रयोग झाला, काडेपेटीएवढ्या खोक्यात बेसॉल्टचे तुकडे आणि जिवाणू. तीनपैकी एका जातीने दगडातून दुर्मिळ मृदा धातू सोडवले, आणि वजनरहित अवस्थेतही जवळपास तितकेच जितके पृथ्वीच्या गुरुत्वात. हळू काम आहे, पण ड्रिलचा दाब लागत नाही.

चांदणचुरा

हीलियम-३ चं कोणी विचारायच्या आत लिहून टाकते :) चंद्राच्या मातीत ते अब्जात दहा-वीस भाग असतं. म्हणजे दहा धरलं तर १ ग्रॅमसाठी १०० टन माती तापवायची. ते जाळणारी अणुसंमीलन भट्टी अजून कुठेच चालू नाही, आजची मागणी आहे ती अतिथंड यंत्रांसाठी आणि न्यूट्रॉन टिपायला. कातळ, मला तुम्हाला विचारायचंय, रिग चालणार नाही तर तुम्ही स्वतः काय न्याल?

कातळ

चांदणचुरा, गेले चार दिवस हेच डोक्यात आहे. बेन्नूसारख्यावर मी ड्रिल नेणारच नाही. त्याची घनता पाण्याच्या १.२ पट सुद्धा नाही, म्हणजे दगडांच्या मधे निम्मी पोकळी, तो खडक नाहीच, सैल ढिगारा आहे. ढिगाऱ्यात आम्ही भोक मारत नाही, फावडं घालतो. तिथे फावडंही रेटावं लागेल म्हणून पिशवी, एखादा घराएवढा दगड मजबूत कापडी पिशवीत अख्खा घ्यायचा, तोंड आवळायचं, आरशाने ऊन टाकून तापवायचा आणि निघालेली वाफ थंड नळीत धरायची. चुरा पिशवीतच राहतो, रॉड अडकायचा प्रश्न नाही. लघुग्रहावरून मोठा दगड उचलून आणायची योजना नासाने आखली होती, ती २०१७ मध्ये रद्द झाली, फार हळहळलो होतो मी.

टणक खडक असेल तर मात्र धरावंच लागेल. नुसतं ठोकून काय होतं ते मंगळावर इनसाइट यानाच्या खिळ्याने दाखवलं, ४० सेंटिमीटर लांबीचा आपोआप ठोकत आत जाणारा खिळा, पाच मीटर जायचा होता, बाजूच्या मातीने त्याला घट्ट धरलंच नाही म्हणून प्रत्येक ठोक्याला तो उलटा उसळायचा, दोन वर्षं धडपडून जेमतेम स्वतःच्या लांबीएवढा गेला. म्हणून माझं लक्ष आता चीनच्या त्यानवेन-२ यानावर आहे. मे २०२५ मध्ये निघालंय, कामोओआलेवा नावाच्या लघुग्रहाकडे, शंभर मीटरहून लहान आणि २८ मिनिटांत एक गिरकी घेणारा. इतक्या वेगात मधल्या पट्ट्यावर ओढीपेक्षा बाहेर फेकणारा जोर जास्त, सुटा दगड तिथे टिकणं कठीण. टेकून उडायच्या पद्धतीबरोबरच हाताच्या टोकांना ड्रिल लावून खडकाला धरून बसायची पद्धतही त्यांनी आखली आहे. आधी पकड, मग काम. त्याचे जवळून काढलेले फोटो बाहेर आले तर कोणीतरी इथे नक्की टाका, मला त्या बिटांच्या कडेला चुरा कुठे जमलाय ते बघायचंय.